आईच्या मनगटातला भुंगा

माझ्या वडिलांनी माझ्यासमोर आईचा हात कधी धरला नव्हता. पहिल्यांदा धरला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, आई डायलिसिसवर होती आणि हात धरण्याचं कारण वैद्यकीय होतं. त्याआधी लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो काढतानासुद्धा दोघांच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा असायची आणि त्या जागेत मला उभं केलं जायचं.

आम्ही डोंबिवलीचे. बाबा एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्स फिटर होते. यंत्र बिघडण्याआधी त्याचा आवाज बदलतो, आणि तो कान देऊन ऐकणाऱ्यालाच कळतो, असं त्यांचं म्हणणं. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाशी लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची पद्धत. घरातला मिक्सर, पंखा, आईचं शिलाई मशीन, सोसायटीचा पाण्याचा पंप, सगळ्यांची अशीच तपासणी व्हायची. तपासून झालं की "चालू आहे" किंवा "बघावं लागेल", दोनच निकाल. माझा दहावीचा निकाल ऐकूनसुद्धा ते "चालू आहे" म्हणाले होते, आणि त्यावरून आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

आईची मूत्रपिंडं शुगरने आणि बीपीने खाल्ली. हळूहळू, आवाज न करता, त्यामुळे बाबांनाही कळलं नाही. पाय सुजले, जेवण जाईना, आणि मग एका सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की आता आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त गाळून घ्यावं लागेल, कायमचं. आई म्हणाली, "सोमवार, बुधवार, शुक्रवार ठेवा. गुरुवारी माझं भजन असतं."

मी शाळेत विज्ञान शिकवते. रक्ताभिसरणाचा धडा माझा हातखंडा. लाल खडूने धमन्या, निळ्याने शिरा. धमनी हृदयाकडून रक्त घेऊन निघते, फुटत फुटत केसाहून बारीक होते, तिथे रक्ताची चाल मंदावते, पेशींना प्राणवायू आणि अन्न मिळतं, त्यांचा कचरा रक्तात येतो, आणि मग शिरांच्या वाटेने सगळं परत. मूत्रपिंडांकडे रक्ताचा मोठा वाटा जातो, कारण त्यांना नुसतं आपलं पोट भरायचं नसतं, सगळ्यांचं रक्त गाळायचं असतं. रक्ताची गुठळी समजावताना मी पत्रीपुलाचं उदाहरण देते. पुलावर एक ट्रक आडवा झाला की डोंबिवलीचा माणूस कल्याणला पोचत नाही, तसं. पोरं हसतात आणि परीक्षेत बरोबर लिहितात. सांगायचा मुद्दा हा, की मला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं म्हणून चूक झाली असं म्हणायची सोय मला नाही.

डॉक्टरांनी आईच्या डाव्या मनगटाजवळ छोटंसं ऑपरेशन करून एक धमनी शेजारच्या शिरेला जोडली. फिस्टुला म्हणतात त्याला. मशीनला रक्त भराभर लागतं. शिरेत तेवढा जोर नसतो आणि धमनी खोल असते. म्हणून धमनीचा जोर शिरेला द्यायचा, की दोनेक महिन्यांत शीर फुगते, जाड होते आणि सुया झेलायला तयार होते. माझ्या फळ्यावरच्या चित्रात असा रस्ता कुठेच नव्हता. आईला हे सगळं समजावून सांगितलं तर म्हणाली, "एवढंच ना? शॉर्टकट मारलाय."

त्या जागी बोट ठेवलं की कातडीखाली भुणभुण लागायची. नाडीसारखी ठोके देत नाही, सलग. आत काहीतरी जिवंत कोंडलंय आणि ते बाहेर यायला बघतंय असं वाटायचं. आईने पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ठेवलं, भुंगा. मग आमच्या घरात फिस्टुला हा शब्द कुणी वापरला नाही. "आज भुंगा जोरात आहे," "भुंग्यावर पिशवी अडकवू नकोस," असं बोलणं सुरू झालं.

कल्याणच्या डायलिसिस सेंटरमधल्या टेक्निशियनने नियम सांगितले. रोज सकाळी हात लावून बघायचं. भुणभुण लागते म्हणजे रक्त वाहतंय. थांबली तर त्याच दिवशी यायचं, उद्यावर टाकायचं नाही. त्या हाताला घड्याळ नाही, बांगडी नाही, त्या हाताने ओझं नाही, त्या कुशीवर झोपणं नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रोज बघायचं काम कोणाचं?"

"घरातल्या कोणाचंही," टेक्निशियन म्हणाला.

"माझं," बाबा म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी बाबा चहाचे दोन कप घेऊन आईच्या खोलीत जायचे. कप खिडकीत ठेवायचे, पलंगाच्या कडेला बसायचे आणि आईचा डावा हात आपल्या मांडीवर घ्यायचे. आधी तीन बोटं. मग मान वाकवून कान. डोळे मिटलेले. आई दुसरीकडे बघायची, खिडकीतून समोरच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे, आणि तिचे कान लाल व्हायचे. अर्ध्या मिनिटाचं काम. बाबा चार-पाच मिनिटं घ्यायचे.

"झालं का तुमचं?" आई म्हणायची.

"थांब जरा."

"चहा गार होतोय अहो."

"होऊ दे."

मग "चालू आहे" असं म्हणून ते हात परत पांघरुणावर ठेवायचे, काच ठेवावी तसा. मी दात घासत दारात उभी राहून हे बघायचे. मला मजा वाटायची, रडूही यायचं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. तीस वर्षांत ह्या दोघांना एकमेकांना हात लावायला निमित्त सापडलं नव्हतं आणि सापडलं ते असं. मी दारात आहे हे लक्षात आलं की बाबा लगेच उठायचे आणि उगाच पंख्याकडे बघायचे. दुसरं कुणी घरात असलं तर हा कार्यक्रम दार लोटून व्हायचा. माझ्यासमोर व्हायचा हीच मोठी सवलत होती.

सुट्टी असली की सेंटरला मी आईबरोबर जायचे. चार तास ती खुर्चीत आडवी आणि मी शेजारी स्टुलावर वह्या तपासत. एकदा नळीतून जाणारं स्वतःचं रक्त बघत तिने विचारलं, "अगं, हृदय सगळ्यांना रक्त देतं, मग त्याला कोण देतं?"

"तेच स्वतःला देतं," मी म्हटलं. "हृदयातून मोठी धमनी निघते ना, तिच्या पहिल्याच फांद्या परत हृदयाकडे वळतात. आधी स्वतःचं, मग बाकीच्यांचं."

"शहाणं आहे," आई म्हणाली. "मला कुणी शिकवलं नाही हे." शेजारच्या खुर्चीतल्या काकू इतक्या हसल्या की त्यांच्या मशीनने बीप द्यायला सुरुवात केली.

वर्षभर असं चाललं. मग माझं लग्न ठरलं, ठाण्याचं स्थळ. आईने सगळं सेंटरच्या वारांवर बसवलं. शुक्रवारी सकाळी डायलिसिस, संध्याकाळी हळद आणि चुडा, शनिवारी लग्न, रविवारी ठाण्याला पूजा, सोमवारी पुन्हा डायलिसिस. एकही वार चुकला नाही. बाबा म्हणाले, कंपनीचं शटडाऊनसुद्धा इतकं नीट ठरत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कासारीण आली. हिरव्या बांगड्यांची दोरीत ओवलेल्या माळा तिने सतरंजीवर मांडली. आधी माझे हात भरले, मग आईला पुढे बसवलं. आईने उजवा हात दिला. तो भरून झाल्यावर ती उठायला लागली तशी आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, म्हणाली, "अगं वहिनी, लेकीच्या लग्नात सवाष्णीचा एक हात ओका? बरं दिसतं का ते?"

"डॉक्टरांनी नाही सांगितलंय," आई म्हणाली, पण बसूनच राहिली. तिने आपल्या उघड्या डाव्या हाताकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मला कळलं तिला काय पाहिजे ते. वर्षभर तिने पाणीसुद्धा मोजून प्यायलं होतं. आणि मलाही, का खोटं बोलू, फोटोत आईचे दोन्ही हात भरलेले हवे होते.

"एक दिवसाने काही होत नाही," मी म्हटलं. "उद्या मी निघाले की लगेच काढ."

विज्ञानाची बाई बोलली म्हटल्यावर विषय संपला. कासारिणीने आईचा पंजा चेपत बांगड्या चढवल्या. बाबा तेव्हा हॉलवर मांडव बघायला गेले होते.

शनिवारी लग्न झालं, मी ठाण्याला आले. आईने बांगड्या काढल्या नाहीत. लेकीने नव्या घरात पाऊल टाकलं आणि इकडे आईने चुडा उतरवला, हे तिच्या मनाला पटेना. पूजा होऊ दे, मग काढू, असं तिने ठरवलं. माझ्यासाठी ठरवलं. पूजेला ती दोन्ही हात भरून आली, मला जवळ घेतलं, तेव्हा बांगड्या वाजल्या आणि मला इतकं बरं वाटलं की मी काही विचारलंच नाही. डोंबिवलीचं घर पाहुण्यांनी भरलेलं, कामं संपता संपत नव्हती. काम करताना बायका बांगड्या वर सरकवतात तशा तिने सरकवल्या, त्या फुगलेल्या शिरेवर जाऊन घट्ट बसल्या, आणि ती थकून त्याच कुशीवर झोपली.

सोमवारी सेंटरमध्ये टेक्निशियनने साबण लावून बांगड्या उतरवल्या. खाली कातडीवर गोल वळ होते. त्याने बोट ठेवलं, जागा बदलून ठेवलं, मग स्टेथोस्कोप लावला. दुपारी बाबांचा मला फोन आला.

"भुंगा बंद आहे," ते म्हणाले.

आत गुठळी झाली होती. डॉक्टरांनी काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. लगेच कळलं असतं तर कदाचित शीर उघडता आली असती, दोन दिवसांनी अवघड असतं, असं ते म्हणाले. मानेत नळी घालून डायलिसिस सुरू ठेवलं. नंतर कोपराजवळ दुसरा फिस्टुला करून बघितला, तो धरला नाही. आईच्या शिरा बारीक. पुढची दोन-अडीच वर्षं ती मानेतल्या नळीवरच जगली. भुंगा पुन्हा काही लागला नाही.

मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. आई तर उलट सगळ्यांना सांगायची, माझीच हौस नडली. पण पहिल्या दिवाळीला मी माहेरी राहायला गेले, सकाळी दात घासत दारात उभी राहिले आणि बघितलं, तर बाबा दोन कप घेऊन आले. खिडकीत ठेवले. पलंगाच्या कडेला बसले, आईचा डावा हात मांडीवर घेतला आणि त्याच जागी तीन बोटं ठेवली. मान वाकवून कान लावला. तिथे आता ऐकण्यासारखं काही नव्हतं. फार तर साधी नाडी, जी कुठल्याही माणसाची असते. चार-पाच मिनिटं त्यांनी तो मुका हात धरून ठेवला. आई खिडकीबाहेर बघत होती. "चालू आहे" ते म्हणाले नाहीत. नुसता हात ठेवला आणि चहा उचलला.

मी बेसिनपाशी जाऊन नळ सोडला आणि रडले. मला वाटलं, हे मला दाखवताहेत. माझ्यापुढे बोलायचं नाही म्हणून हे असं चाललंय, तू काय घालवलंस ते बघ. पुढे दर वेळी माहेरी गेले की मी सकाळी उशिरा उठायला लागले.

आई गेली ती हृदयाने. दुपारी जेवून जरा आडवी झाली, ती उठली नाही. आधी स्वतःचं घेणारं शहाणं हृदय, त्याच्याच वाहिन्या आतून अरुंद होत गेल्या होत्या. डायलिसिसच्या माणसांत असं होतं, डॉक्टर म्हणाले. भुंगा चालू असता तर ती अजून जगली असती का, हे मी त्यांना विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

त्यानंतर मी दर रविवारी डोंबिवलीला जाते. एका रविवारी लवकर पोचले. माझ्याकडे किल्ली असते. आत गेले तर बाबा स्वयंपाकघरात फ्रिजला तळहात लावून उभे होते. डोळे मिटलेले. कॉम्प्रेसर चालू होता, जुना फ्रिज, चांगला थरथरतो. ओट्यावर चहाचे दोन कप होते आणि एक रिकामा होता.

"बिघडलाय का?" मी विचारलं.

"नाही," ते दचकून म्हणाले. "चालू आहे."

मी त्या रिकाम्या कपात चहा ओतून घेतला. मला आई इतकी हवी झाली त्या क्षणी की मी कप तसाच ओट्यावर ठेवला. तिचं बोलणं, तिचं भजन, काही नाही, फक्त तो हात हवा होता आणि कातडीखालची ती भुणभुण. शाळेत दरवर्षी मुलांना एकमेकांची नाडी शोधायला लावते. अंगठ्याखाली तीन बोटं, दाबू नका, वाट बघा. सगळा वर्ग गप्प होऊन वाट बघतो तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभी राहते.

गेल्या वर्षी आत्याच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, कल्याणला. चुडा हॉलवरच होता. कासारीण दुसरी होती, बांगड्या त्याच. मी उजवा हात भरून घेतला आणि उठले. डाव्या मनगटात मी माझ्या लग्नानंतर काहीच घातलेलं नाही, सात वर्षं. घड्याळसुद्धा उजव्या हाताला. लोकांना वाटतं फॅशन आहे.

बाबा भिंतीकडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी मला बोलावून शेजारी बसवलं.

"ह्या हातात का नाही भरल्यास?"

"सवय नाही राहिली, बाबा."

"सात वर्षं बघतोय मी."

स्पीकरवर सनई लागली होती, पोरं खुर्च्यांमधून पळत होती. बाबा समोर बघत बोलायला लागले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"तू भरायला सांगितल्यास, तिने ठेवल्या. ते झालं. पण बघायचं काम माझं होतं. मी मागून घेतलेलं. शनिवारी सकाळी मी चहा घेऊन गेलो नेहमीसारखा. खोलीत बायका होत्या, तुझी आत्या, मावशी, सगळ्या नेसत-सवरत होत्या. तुझी आई पलंगावर बसलेली. मला बघितल्यावर तिने हात पुढे केला. सगळ्यांसमोर केला, तिने. मी काय केलं, कप ठेवला आणि बाहेर आलो. लाज वाटली मला." ते थांबले. "रविवारीपण तेच. घर भरलेलं. म्हटलं, सोमवारी सेंटरला बघतीलच की."

दिवाळीतली ती सकाळ डोळ्यांपुढे आली, तो मुका हात आणि वाकलेली मान. ते मला काही दाखवत नव्हते. त्या दोन सकाळी राहून गेल्या होत्या, त्या ते रोज भरून काढत होते, आणि मी नळ सोडून रडत होते, स्वतःसाठी.

"बाबा, तुम्ही तेव्हाच सांगायचं ना मला."

"तू तरी कुठे विचारलंस."

मग त्यांनी माझा डावा हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. भरलेल्या हॉलमध्ये, दोनशे माणसांत. तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. समोरून आत्या ओरडली, "दादा, अरे काय करतोयस? बरं नाही का तिला?" दोन-चार बायका वळून बघायला लागल्या. बाबांनी हात सोडला नाही. मी हलले नाही. त्यांचं बोट जाड झालंय, टोकाला ग्रीसचा काळेपणा अजून आहे, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी.

"भुंगा नाही, बाबा," मी म्हटलं.

"नसू दे," ते म्हणाले. "चालू आहे."

ते उठले आणि माझा हात धरूनच मला सतरंजीपाशी घेऊन गेले. कासारिणीला म्हणाले, "हिच्या ह्याही हातात भरा. सैल भरा पण."

"किती सैल, काका?" तिने विचारलं.

बाबांनी खाली वाकून आपली तीन बोटं माझ्या मनगटावर आडवी ठेवली. "एवढी आत गेली पाहिजेत," ते म्हणाले.